खेमाने दिलेला कामठा

ओरसीला, माझ्या थोरल्या मुलीला, खालचे दोन दात आले त्या वर्षाची ही गोष्ट. सन सांगता येणार नाही, तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. गावदिवाळीला नऊ दिवस राहिले होते. सकाळी मी बैलांना पाणी दाखवून आलो, तर माझा सासरा खेमा अंगणातल्या खाटेवर बसला होता. माझी चाहूल लागताच त्याने मांडीवरचा कामठा, म्हणजे धनुष्य, उचलून माझ्या दिशेने धरला.

"घे. तुझा झाला."

मी दोन्ही हातांनी घेतला. धामणीचं लाकूड, माझ्या कानापर्यंत उंच, दोरी बांबूच्या सालीची. हातात घेतला तेव्हाच तो जड वाटला. पण खेमाच्या हातचा कामठा जड आहे असं मनात तरी कोण आणणार? आमच्या डोंगरात बाकीचे लोक बांबूचा कामठा करत, धामणीचा फक्त माझा सासरा करायचा. चार पाड्यांत त्याने केलेले चाळीसेक कामठे होते आणि त्यातला एकही वाईट निघाला, असं कुणी ऐकलं नव्हतं. गेल्या दोन वर्षांत मात्र त्याने हत्याराला हात लावला नव्हता. गुडघे दुखतात म्हणायचा, अंगणाबाहेर फारसा जायचा नाही. माझ्यासाठी म्हणून तो पुन्हा कामाला बसला, याचं मला अप्रूप वाटलं.

मी त्या घरात खंदाड्या होतो. माझा बाप लवकर गेला, मुलीच्या बापाला देज द्यायला घरात काही नव्हतं. म्हणून सासऱ्याच्या घरी राहून सात वर्षं त्याची शेती करायची आणि मग बायको घेऊन आपल्या गावी, निमखेडीला, जायचं, असं ठरलं होतं. ती सात वर्षं भरत आली होती. पण सासऱ्याच्या गावात, आंबापाड्यात, नुसती वर्षं भरून जावई सुटत नसे. गावदिवाळीच्या दुसऱ्या सकाळी त्याने सासऱ्याने केलेल्या कामठ्यावरून नदीपलीकडे एक तीर सोडायचा. तीर पलीकडच्या काठावर पडला तर त्याने बायको घेऊन जावं. अलीकडे किंवा पाण्यात पडला तर आणखी एक वर्ष. वाटेत जंगल लागतं, ज्याच्या तिरात जोर नाही त्याच्याबरोबर मुलगी कशी पाठवायची, असं जुनी माणसं म्हणत. हात बसावा म्हणून कामठा नऊ दिवस आधी मिळे.

मी त्याच दिवशी दुपारी नदीवर गेलो. माझा मेहुणा वेस्ता बरोबर आला. नदीचं पात्र तिथे दीडशे पावलं रुंद आहे. पात्रात मोठे खडक, मधून पाण्याची धार, पलीकडच्या काठावर जांभळीचं एक झाड. मी दोरी छातीपर्यंत ओढली. त्यापुढे ती येईना. सोडली तेव्हा डाव्या हाताला कोपरापर्यंत असा हिसका बसला की बोटं बधिर झाली, आणि तीर गेला जेमतेम धारेपर्यंत. दुसरा सोडला, तो तिथेही पोहोचला नाही.

वेस्ता खडकावर बसून हसला. वाईट माणूस नव्हता तो. पण मी गेलो तर त्याच्या बरोबरीने नांगर धरणारं घरात कुणी राहत नव्हतं, आणि हे तो लपवतही नसे.

"पाव्हणं," तो म्हणाला, "सात वर्षं भाकरी खाल्ली ती गेली कुठं? आणखी एक वर्ष खाऊन बघा."

माझं मन निमखेडीला होतं. मागच्या आठवड्याच्या बाजारात गावचा एक माणूस भेटला होता. त्याने सांगितलं की पावसाळ्यात झऱ्यावर आईचा पाय घसरला, कंबरेचं हाड गेलं. आता ती बसून सरकते. शेजारीण दिवसाला एक घागर पाणी आणून ठेवते, तेवढ्यात भागवते. त्याला कळवू नका, त्याचं वर्ष भरू दे, असं ती सगळ्यांना सांगत होती. वर्ष भरत होतं. पण आणखी एक वर्ष म्हटलं तर ती कोणाच्या हाती असती आणि असती की नसती, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं.

संध्याकाळी खेमाने खाटेवरून विचारलं, "कामठा काय म्हणतो?"

"चांगला आहे, मामा."

"चांगला आहे?"

"चांगला आहे."

त्याने तोंड फिरवलं आणि चिलीम पेटवली. मला वाटलं, वेस्ताने काही सांगितलं असावं. पण मी दुसरं काय बोलणार होतो? कामठा वाईट म्हणावं तर खेमाचं नाव बुडवल्यासारखं. आणि तीर अलीकडे पडला तर पाडा म्हणणार की जावयाचा हात वाईट, कारण खेमाचा कामठा वाईट नसतोच. दोन्ही बाजूंनी दोष माझ्याच पदरात पडणार होता. त्याच्या कामठ्याला दुसऱ्याने पातं लावायचं, हे तर कुणाला सुचलंही नसतं. एकदा एका माणसाने हौसेने मुठीवर मोर कोरला होता. खेमाने तो कामठा मागून घेतला, गुडघ्यावर मोडला आणि चुलीत घातला.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा चांगला म्हणालो. तिसऱ्या संध्याकाळी जरा रागाने म्हणाला, "सात वर्षं माझ्यापुढे बसून बघितलंस. तेव्हा डोळे कुठे होते तुझे?"

तो टोमणा मला लागला. खरंच मी सात वर्षं पाहिलं होतं. तो धामण कशी निवडतो, सावलीत किती वाळवतो, पाठीकडची बाजू एका रेषेत कशी ठेवतो. पण पाहणं वेगळं, माझ्या हाताने मी काठीसुद्धा तासली नव्हती.

मग मला जे सुचलं ते मी केलं. दोरी आखूड केली. ताण वाढला की जोर वाढेल, असा माझा हिशेब. कामठा अजूनच ताठला. चौथ्या दिवशी दुपारी जोर लावून ओढला तशी बांबूची दोरी मधून चिरली आणि तिचं टोक माझ्या गालावर बसलं. डोळा थोडक्यात वाचला. मी गालाला पाला दाबून शेतावरच्या माळ्याखाली बसून राहिलो. ज्वारी निसवली होती, पाखरं राखायला माझी बायको दुरकी माळ्यावर होती. ओरसीला तिने झोळीत टाकलं होतं.

दुरकी खाली उतरली. गाल पाहिला, मग कामठा हातात घेऊन एक टोक जमिनीला टेकवलं आणि मुठीवर गुडघा दाबून थोडा वाकवून पाहिला.

"वरून वाकतो," ती म्हणाली. "खालचा हात झोपलाय." मुठीच्या वरच्या आणि खालच्या भागाला कामठ्याचे हात म्हणतात.

मी म्हणालो की मला सगळं कळतंय, पण करायचं काय?

"तासायचा."

"तुझ्या बापाचा कामठा?"

"बापाचा असता तर तीर उडाला असता," ती म्हणाली. "बाटली फोड. काचेने काढ, सुरी लावू नको. आणि पाठीला हात लावायचा नाही, फक्त पोटाकडून, दोरीच्या बाजूने."

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती बापाजवळ बसून मोठी झाली होती. भाऊ गुरांमागे असायचा, तासलेल्या ढलप्या गोळा करायला हीच असायची. पण बापाच्या कामाबद्दल ती कधी एक अक्षर बोलली नव्हती. मी विचारलं, त्याला कळलं तर? ती म्हणाली, ते माझ्यावर सोड. आणि माळ्यावर चढून पाखरांना हाकारे घालायला लागली.

राहिलेल्या दिवसांतले तीन दिवस आम्ही तिथेच काढले. दोरी मी नवी केली. माळ्याच्या एका खांबाला बेचकं होतं, त्यात कामठ्याची मूठ आडवी अडकवली. दोरीला रस्सी बांधून खाली टोपली टांगली आणि टोपलीत एकेक दगड घालत गेलो. दगड वाढेल तसा कामठा वाकायचा. मी दहा पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघायचो. वरचा हात मुठीपासून वीतभर अंतरावर एकाच जागी मोडल्यासारखा वाकत होता. तिथून टोकापर्यंत सरळ काठी. खालचा हात तर अख्खाच काठी.

मी काच घेऊन नेमका त्या वाकणाऱ्या जागेवर बसलो. माणसाचा हात आपोआप दुखऱ्या जागेवरच जातो. दुरकीने माझं मनगट धरलं.

"ते काम करतंय, त्याला आणखी बारीक केलंस तर मरेल. जे काम करत नाहीत त्यांचं काढ."

खालचा हात मी सकाळभर तासला. काचेखालून लाकूड केसासारखं निघायचं. वीस वेळा काच फिरवायची, मग बेचक्यात अडकवायचा, दगड घालायचे, मागे जाऊन बघायचं. पुन्हा वीस वेळा. पहिल्या दिवशी काहीच फरक दिसेना. मला राग आला आणि मी एकदम खूप काढायला निघालो. दुरकीने काच हिसकावून घेतली आणि ओरसीला माझ्या मांडीवर ठेवलं. पोरगी माझं बोट धरून त्या दोन दातांनी चावत बसली, तोवर दुरकी तासत होती. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

दुसऱ्या दिवशी खालचा हात जागा झाला. आधी मुठीजवळ, मग मध्यावर. मग वरच्या हाताचा टोकाकडचा भाग घेतला. टोकं इतकी जाड होती की त्या वजनानेच तो हिसका बसत होता. ती बोटाएवढी बारीक केली. दोरी चढवल्यावर ती मुठीच्या मधून न जाता उजवीकडे सरकत होती. त्यासाठी तिसऱ्या दिवशी वरच्या हाताला मोहाच्या बियांचं तेल चोळलं, निखाऱ्यांवर धरला, लाकूड हात लावता येणार नाही इतकं तापलं तेव्हा पाय देऊन उलटा पिळला आणि थंड होईपर्यंत तसाच धरून बसलो. पाय भाजला. पण दोरी मधे आली.

दुपारी टोपलीत दगड घातले आणि मागे जाऊन बघितलं. दोन्ही हात सारखे वाकले होते, कुठेही कोपरा नव्हता. मी शेताच्या बांधावरून एक तीर सोडला. हाताला हिसका बसलाच नाही. ज्वारी ओलांडून, पलीकडचं माळरान ओलांडून तो मोहाच्या झाडामागे गेला. शोधायला मला बराच वेळ लागला. परत आलो तर दुरकी रडत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, डोळ्यात कुसळ गेलं.

त्या संध्याकाळी खेमाने काही विचारलं नाही. मला वाटलं, तो माझ्यावर रुसला आहे.

गावदिवाळीच्या दुसऱ्या सकाळी सगळा पाडा नदीवर जमला. खेमाला दुरकीने हात धरून आणलं, खडकावर घोंगडी टाकून बसवलं. कारभारी नुरजी काठी घेऊन उभा होता. मेहुण्याने कामठा जावयाच्या हातात द्यायचा, अशी तिथली रीत. वेस्ताने माझ्या खांद्यावरून तो उतरवून घेतला आणि तिथेच थांबला. त्याने मला तो पहिल्या दिवशी ओढताना पाहिलं होतं. आता त्याने तो तळहातावर तोलला. आडवा करून पोटाची बाजू उजेडात धरली. लाकूड तिथे नवं, पिवळं दिसत होतं, काचेचे ओरखडे तेलाखालूनही कळत होते.

"हा तासलाय," तो म्हणाला.

बायकांची गाणी थांबली. नुरजीने कामठा पाहिला आणि मला विचारलं, हे खरं का? मला नाही म्हणता आलं असतं. खेमाने स्वतःच शेवटचा हात फिरवला, असं सांगितलं असतं तरी चाललं असतं, कदाचित. पण तो चार पावलांवर बसला होता.

"मी तासला," मी सांगितलं. दुरकीचं नाव घेतलं नाही.

नुरजी म्हणाला की रीत साफ आहे, सासऱ्याने केलेल्या कामठ्यावरूनच तीर सुटला पाहिजे. जावयाने आपल्या सोयीने तासलेला कामठा सासऱ्याचा कसा म्हणायचा? मागे म्हाताऱ्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. वेस्ता माझ्याकडे बघत नव्हता. मी नदीपलीकडे बघत होतो. निमखेडीचा रस्ता त्याच बाजूने चढतो.

"तो कामठा इकडे दे," खेमा म्हणाला.

वेस्ताने कामठा पुढे केला. खेमाने दोन्ही हात पसरले, पण ते जरा बाजूला, जिथे कामठा नव्हता तिथे. वेस्ता तसाच उभा राहिला. मग दुरकीने कामठा घेऊन बापाच्या हातांत ठेवला.

तो मोर कोरणारा माणूसही त्या गर्दीत होता. मला वाटलं, आता गुडघ्यावर मोडणार. खेमाने उजवा अंगठा मुठीवर ठेवला आणि खालच्या हाताच्या पोटावरून टोकापर्यंत नेला, सावकाश. परत मुठीपर्यंत आणला. मग वरचा हात. एका जागी थांबला, मागे गेला, पुन्हा थांबला. पाठीवरून तळवा फिरवला. त्याची मान वर होती आणि नजर समोरच्या झाडांत कुठेतरी होती. कामठ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, आणि मला वाटतं, त्याच घटकेला सगळ्या पाड्याच्या लक्षात आलं.

"वरच्या टोकाचं अजून थोडं काढायला हवं होतं," तो म्हणाला. "बाकी बरोबर आहे."

नुरजी खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, "खेमा, तुला..."

"दोन पावसाळे झाले. जाडी बोटाला कळते, नुरजी. वाक डोळ्यालाच दिसतो. लाकूड मी दिलं, जाड ठेवून दिलं. जास्त काढलं गेलं असतं तर परत लावता येत नाही. पुढचं ज्याला डोळे आहेत त्याने करायचं होतं." त्याने कामठा पुढे धरला. "माझाच आहे. सोडू द्या त्याला."

नुरजीने काठी खडकावर आपटली. मी कामठा घेतला, तीर लावला आणि दोरी कानापर्यंत ओढली. तीर सुटला तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं नाही, खेमाकडे बघत होतो. त्याने कान टवकारले होते. एवढ्या लांबून तीर पडल्याचा आवाज येत नाही.

"कुठे पडला?" त्याने विचारलं.

मग वेस्ता म्हणाला, "पलीकडे, आबा. जांभळीच्या वर गेला."

"किती वर?"

"दोन माणसं वर."

खेमाने मान हलवली आणि चिलीम मागितली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही निघालो. वेस्ताने अर्ध्या वाटेपर्यंत ज्वारीचं पोतं डोक्यावर आणून दिलं. निघताना मी सासऱ्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, "रोज विचारत होतो तुला. रोज चांगला म्हणालास. तासायला घे, असं मी तोंडाने सांगायला हवं होतं का?"

मी म्हणालो, मामा, मला वाटलं तुम्हाला राग येईल.

"आला होता," तो म्हणाला. "तू गप्प बसलास त्याचा."

घाट चढताना मी दुरकीला विचारलं, तुला ठाऊक होतं ना? ती म्हणाली, धामण मीच तोडून आणली होती, त्याने शपथ घातली होती की कुणाला सांगायचं नाही. मग शेतात रडत होतीस ती का, असं मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी निमखेडीला पोहोचलो. आई उंबऱ्यात बसली होती. तिने आधी पोरीला घेतलं, मग पाणी मागितलं.

खेमा त्याच वर्षी वारला. होळीला आठ दिवस होते, सकाळची वेळ होती. निरोप आमच्यापर्यंत यायला चार दिवस लागले, तोवर त्याला जाळून झालं होतं.